ज्याच्या हाती हिशेबाची वही आहे त्याला

शंभर दिवसांची मजुरी म्हणजे किती, हे जाफराबाद तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निंदणीला किंवा शेडनेटमध्ये बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाणाऱ्या बाईचा रोज तीनशे रुपये धरला, तर शंभर दिवसांचे तीस हजार. मुलीच्या लग्नात, दवाखान्यात किंवा पेरणीच्या तोंडावर एखाद्या नातेवाइकाकडून आपण जे हातउसने घेतो, ते बहुधा या आकड्याच्या आसपासच असतात. रक्कम लहान नाही. ती बुडाली तर घर हलतं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. त्यात एक चाकर दुसऱ्या चाकराची गचांडी धरतो, ती एवढ्याच रकमेसाठी. शंभर दीनार, आणि एक दीनार म्हणजे त्या काळी मजुराचा एक दिवसाचा रोज.

त्याच चाकराला थोड्या वेळापूर्वी राजाने कर्ज माफ केलेलं असतं. किती? दहा हजार तालांत. एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार होत. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आपल्या रोजाने मांडलं तर अठराशे कोटी रुपये. त्या चाकराच्या सात पिढ्या राबल्या असत्या तरी ते फिटलं नसतं. राजाला त्याची दया आली आणि त्याने ते सगळं सोडून दिलं. आणि सुटून बाहेर आलेल्या माणसाने तीस हजारांसाठी सोबत्याचा गळा आवळला, त्याला तुरुंगात घातलं.

ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय आणि त्या चाकराला नावं ठेवत आलोय. पण एक गोष्ट नीट पाहा. तो खोटं मागत नव्हता. ते शंभर दीनार खरोखर त्याचे होते. कागद केलेला असता तर कोर्टानेही निकाल त्याच्याच बाजूने दिला असता. येशूने इथे चोराचं उदाहरण घेतलं नाही, हक्काचं मागणाऱ्याचं घेतलं. माझं सगळं सांगणं इथूनच सुरू होतं. जे आपलं नाहीच ते सोडून देण्यात कसली दया? जे आपलं आहे, जे मागितलं तर कुणी बोट दाखवणार नाही, जे वसूल करायची ताकदही आपल्या हातात आहे, आणि तरी समोरच्याची दशा बघून आपण हात आवरतो, त्याला मी दया म्हणतो.

जग निर्दयी झालंय, असं आपण सगळेच म्हणतो. रविवारची उपासना सुटल्यावर म्हणतो, बसस्टँडवर चहा पिताना म्हणतो, तहसीलच्या पायरीवर तर हमखास म्हणतो. आणि ते खोटं नाही. बँक ऐकत नाही, व्यापारी कपाशीत ओल काढून भाव पाडतो, पूर्णा आणि केळना दोन्ही कोरड्या पडतात किंवा दोन्ही एकदम चढून काठची पिकं नेतात. पण असं म्हणताना आपण स्वतःला कायम खालच्या बाजूला उभं करतो. माझी विनंती अशी आहे, की थोडा वेळ उलटं बघावं. या तालुक्यात प्रत्येक माणूस कुणाच्या तरी हाताखाली आहे आणि प्रत्येकाच्या हाताखालीही कुणीतरी आहे. चार एकरवाला बँकेपुढे हात जोडतो, आणि त्याच्यापुढे त्याचा सालगडी हात जोडतो. सालगडी घरी गेला की त्याची बायको त्याच्या तोंडाकडे बघते, आज कसला मूड आहे म्हणून. सून सासूला भिते आणि तिच्याच घरात भांडी घासणारी पोरगी सुनेला भिते. तुमच्या वरच्याने तुमच्यावर दया केली नाही, हे दुःख मोठं आहे. पण त्यावर तुमचा ताबा नाही. तुमच्या खालच्या माणसावर मात्र तुमचा पूर्ण ताबा आहे.

पाडव्याचा दिवस आठवा. सालगड्याचं साल संपतं आणि ओसरीवर वही निघते. साल लाखाच्या पुढे ठरलेलं असतं. उचल आधीच गेलेली. वर्षभरात किराणा, दवाखाना, पोराची फी, दिवाळीचे कपडे असं होत होत बाकी उरते ती थोडी. मग खाडे निघतात. श्रावणात तापाने पडला होता, चार. बहिणीच्या घरी मयत झाली, दोन. मका कापताना विळा लागून पायाला टाके पडले, आठ. मालक वाचत जातो, गडी मान खाली घालून हं हं म्हणत जातो. कुणी कुणावर ओरडत नाही. हिशेब चोख असतो, आकडा न् आकडा जुळतो. आणि त्या चोख हिशेबात, मालकाच्याच रानात, मालकाच्याच कामावर असताना जखमी झालेल्या पायाचे आठ दिवस गड्याच्या नावावर चढलेले असतात. वर त्या टाक्यांचं बिल उचलीत.

हे ज्यांच्या घरात होतं ती वाईट माणसं नाहीत. पंढरीची वारी करणारी आहेत, रमजानचे रोजे धरणारी आहेत, रविवारी पहिल्या बाकावर बसणारीही आहेत. वही जशी आजोबा लिहीत तशी बाप लिहीत आला, आणि बाप लिहीत होता तशी मुलगा लिहितो. म्हणून मी थेट सांगतो. आजारपणाचे खाडे धरू नका. मयतीचे धरू नका. तुमच्या कामात लागलं तर औषधपाणी तुमचं. मजुरीच्या बायांचे पैसे शनिवारपर्यंत, बाजारापर्यंत, माल विकेपर्यंत लटकवू नका. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराचा रोज सूर्य मावळायच्या आत त्याच्या हाती पडावा असं सांगितलंय, कारण त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर रात्र होण्याआधी परत करावं असंही तिथे आहे. एवढ्या जुन्या शास्त्राला गरिबाला रात्री वाजणारी थंडी दिसली होती.

मालकालाही परवडत नाही, हे मला कळतं. सोयाबीनचा भाव पडला की त्याची झोप उडते. म्हणूनच मी सगळं साल माफ करा असं म्हणत नाही. हे खाडे सोडा म्हणतो. एवढ्या खाड्यांनी कुठलाही मालक बुडालेला नाही.

उसनवारीचंही तसंच. पैसे परत मागू नका असा उपदेश मी करणार नाही, कारण देणाराही बहुधा गरीबच असतो आणि त्याच्याही घरात दुखणं असतं. मागा. पण आठवडी बाजारात, चारचौघांत, त्याची बायको भाजी घेत असताना मागू नका. त्याच्या पोराच्या साखरपुड्यात जाऊन मागू नका. दारासमोर गाडी लावून हॉर्न वाजवत बसू नका. घेणाऱ्याने पैशाचं ओझं घेतलंय. अब्रू तुमच्याकडे गहाण टाकलेली नाही. आणि जिथे दिसतंय की आता हा माणूस खरोखरच देऊ शकत नाही, नवरा गेला, पीक गेलं, मूल अंथरुणाला खिळलं, तिथे सोडून द्या. पूर्ण नाही सोडता आलं तर निम्मं सोडा. तेही नाही तर व्याज सोडा.

व्याजावरून सावकारीचं बोललं पाहिजे. परवाना नसताना महिना पाच टक्के, दहा टक्के लावणारी आणि कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या घेऊन ठेवणारी माणसं मराठवाड्याला नवी नाहीत. त्यांना मी दयेचं आवाहन करतोच, पण जो त्यांच्या तावडीत आहे त्याला नुसतं देवावर सोड असं सांगून घरी पाठवणं मला पटत नाही. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014चा आहे. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार देता येते आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. तुमच्या मंडळीत कुणी शिकलेला असेल तर त्याने असा अर्ज लिहून द्यावा, त्या माणसाबरोबर जालन्याला जावं, बरोबर बसावं. एक दिवसाची मजुरी बुडवून असं कुणाबरोबर बसून राहणं, यात प्रार्थनासभेइतकीच सेवा आहे.

आता थोडं मागे जातो. पंडिता रमाबाईंचं नाव आपण घेतो, केडगावचं मुक्ती मिशन ठाऊक असतं, त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं हेही ठाऊक असतं. पण त्या दयेपर्यंत कशा पोहोचल्या, हे कमी सांगितलं जातं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. उपासमारीने गेले. आई गेली तेव्हा अनोळखी गावात प्रेत उचलायला माणूस मिळेना. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा खांदा भावाने दिला. चौथी रमाबाई. अंगाने लहानखुरी, खांद्याची उंची पुरेना, तर आईच्या ओझ्याचा आपला वाटा तिने डोक्यावर घेतला आणि तशीच स्मशानापर्यंत चालत गेली.

एवढं सोसलेल्या बाईने जगावर दात धरला असता तर कुणी काय म्हणणार होतं? पुढे 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बाया तिथे होत्या. त्यांना कुणी शिव्याशाप देत नव्हतं. मायेने, मानाने वागवत होतं. रमाबाईंनी आपल्याकडे अशा बायांचं काय होतं ते पाहिलं होतं. त्यांना प्रश्न पडला, या भगिनींना हे सुचलं कुठून? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली गेली. पाच नवरे होऊन गेलेली, गावाने बोटं मोडलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय, की ख्रिस्ताच्या धर्मात खरोखर वेगळं काही आहे असं त्यांना तिथे वाटलं. विद्वत्तेने कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणारी ही विदुषी. तिला वळवलं ते टाकलेल्या बायांना मिळालेल्या वागणुकीने.

मग 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना केडगावला घेऊन आल्या. 1900 साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी आणल्या. मुक्तीत सुमारे दोन हजार जणी झाल्या. आणि समाजाने नासलेल्या म्हणून टाकलेल्या बायांसाठी त्यांनी तिथे वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. दुष्काळाने ज्या घराची राख केली, त्याच घरातल्या मुलीने दुसऱ्या दुष्काळात दार उघडलं.

कृपासदनाचं नाव घेतलं की मला आपल्या गावांतल्या लेकी आठवतात. जातीबाहेर लग्न करून गेलेल्या, सासरच्या माराला कंटाळून परत आलेल्या, नवऱ्याने सोडलेल्या, कुणीतरी फसवलेल्या. त्यांचं नाव घरात घेतलं जात नाही. आई चोरून फोन करते, बाप घरात आला की फोन ठेवते. ख्रिस्ती घरं यात मागे नाहीत हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. मंडळीत अशी मुलगी आली की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते, आणि दुसऱ्या रविवारी ती येत नाही. ज्या धर्माने रमाबाईंना विहिरीवरच्या बाईपाशी नेलं, त्या धर्माच्या घरांनी तरी आपल्या लेकीला दार लावू नये.

दया फक्त आपल्याच पंथाच्या खात्यावर जमा होते असं मात्र कुणी समजू नये. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातले, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, आणि पुढे जालन्याला येऊन मातंग समाजातल्या माणसांबरोबर आयुष्य काढलेले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी बेथेलसाठी जमीन दिली. जालना परिसरातल्या ख्रिस्ती घरांना ही नावं परिचयाची आहेत. पण नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत फारसा कुणाला आठवत नाही. पोरवयाचा श्रीपत मोठ्या भावाबरोबर मिशनऱ्यांकडे राहिला. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मूल वडिलांच्या ताब्यात दिलं. मूल घरी आलं, पण जात त्याला घेईना. मिशनऱ्यांकडे जेवलाय, बाटलाय. अशा वेळी त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या, यासाठी ते सनातन्यांशी झगडले. स्वतःवर बहिष्काराचं सावट ओढवून घेतलं. तेव्हा ते तिशीत होते आणि पुढे दोन-तीन वर्षांतच गेले.

मी ख्रिस्ती आहे. बाळशास्त्रींनी त्या मुलाला आमच्या धर्मातून परत नेलं, असा हिशेब कुणी मांडेलही. मला तिथे एक पोर दिसतं, ज्याला दोन्हीकडची मोठी माणसं ओढत होती, आणि एक माणूस दिसतो, ज्याला त्या पोराची कीव आली. येशूने चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत वाटेवर पडलेल्या जखमीला उचलणारा माणूस परक्या पंथाचा दाखवला, आणि आपल्या पंथाचे दोघे बाजूने निघून गेलेले दाखवले. आपण ख्रिस्ती असलो तर ही गोष्ट आपल्याला थोडी टोचली पाहिजे.

अलीकडचं एक दुखणं वेगळं आहे. आता एखाद्याचा जीव घ्यायला समोर जावं लागत नाही, अंगठा पुरतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर सगळीकडे होत्या. त्यांना संशयावरून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. अफवा पुढे पाठवणाऱ्या हातांपैकी बहुतेकांनी काठी उचललेली नसणार, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपण लेकरांचं रक्षण करतोय असंच वाटत असणार.

जालना जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या आंदोलनांची धग सोसलीय. एका गावात वाढलेली, एका वर्गात शिकलेली पोरं एकमेकांच्या समाजाबद्दल मोबाइलवर काय काय लिहितात ते आपण वाचतो. कुणाची मागणी बरोबर, कुणाची चूक, यावर ज्याने त्याने आपलं मत ठेवावं, मोर्चात जावं, मतदान करावं. पण शेजाऱ्याच्या आईबहिणीवरून लिहिलेला मजकूर पुढे पाठवायच्या आधी एवढं करा: ज्याच्याबद्दल तो आहे त्या समाजातला तुमच्या ओळखीचा एक माणूस डोळ्यासमोर आणा. तुमच्या बापाच्या मयतीला आलेला, नाहीतर तुमच्या विहिरीचं काम केलेला. त्याच्यासमोर मोठ्याने वाचता येत नसेल तर तो मजकूर पुसून टाका.

आता एक आक्षेप. दया करत राहिलो तर लोक डोक्यावर बसतील, असं पुष्कळ जण म्हणतात. काही जण तर दयेचं नाव घेऊन भलतंच करतात. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला सांगतात, माफ कर, प्रभूने क्षमा शिकवलीय, नांदायला जा. हे मला मान्य नाही. मार खाणाऱ्याकडून क्षमा वसूल करायचा अधिकार तिसऱ्या माणसाला कुणी दिला? त्या बाईवर आधी दया आपण करायची आहे. तिला घरात घ्यायचं, डॉक्टरकडे न्यायचं, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर लावून द्यायचा, पोलिसांत जायचं तर बरोबर जायचं. नवऱ्याला क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे तिचं आणि तिच्या देवाचं. तिच्यावर घाई नको.

कायदा आणि क्षमा एकत्र नांदू शकतात, हे मध्य प्रदेशातल्या उदयनगरच्या एका घटनेत दिसतं. केरळमधून आलेल्या सिस्टर रानी मारिया तिथे आदिवासींमध्ये काम करत. सावकारांच्या विळख्यातून लोकांना सोडवत, बचतीची सवय लावत. त्याचा ज्यांना राग आला त्यांनी मारेकरी घातला. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून त्यांना ओढून समुंदर सिंग नावाच्या माणसाने भोसकून मारलं. त्याला अटक झाली, खटला चालला, जन्मठेप झाली. यातलं काहीही कुणी रोखलं नाही. आणि 2002 साली रक्षाबंधनाच्या सुमाराला रानी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि तिने बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज दिला. 2006 साली तो सुटला. पुढे तो केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन मुका घेतला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला रानी मारियांना धन्य घोषित करण्यात आलं, तेव्हा समुंदर सिंगही तिथे होता.

खुनाला सात वर्षं झाल्यावर राखी बांधली गेली. सात दिवसांनी नाही. त्या मधल्या वर्षांत सेल्मीचं मन काय काय सोसून आलं असेल ते तिचं तिला माहीत. तुमच्या मनातला राग आज जात नसेल तर स्वतःला दोष देत बसू नका. फक्त तो राग पोराबाळांच्या हातात देऊ नका. बांधाच्या भांडणात आपल्याकडे नेमकं हेच होतं. दोन भावांत बांध कोरण्यावरून तंटा होतो, भावकीत बोलणं बंद होतं, कोर्टात तारखा पडत राहतात. भाऊ म्हातारे होऊन मरतात आणि नातवंडं एकमेकांची नावं न शिकता तारखांना जायला शिकतात. वितभर जमिनीला तीन पिढ्यांचा वकील लागतो. मोजणी आणा, जी रेघ निघेल ती मान्य करा, आणि निघालेल्या रेघेपासून आपल्या बाजूला एक पाऊल मागे दगड रोवा. ते एक पाऊल शेजाऱ्याला द्या. त्याचा हक्क नसताना द्या.

मंडळींच्या आतही पाहावं लागेल. मिळकतीचे वाद, पंच कमिटीच्या निवडणुका, या पाळकांचे आणि त्या पाळकांचे असे गट. बाहेरच्यांना आपण प्रीतीचा धर्म सांगतो आणि आत एका कुटुंबाच्या मयतीला दुसरं कुटुंब जात नाही. जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात जातपात न विचारता नाडी धरली गेली, म्हणून तर मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही मिशनच्या दवाखान्याचं नाव येतं. त्या पुण्याईवर किती दिवस खाणार? तुमच्या मंडळीतून गेल्या वर्षभरात यायचं थांबलेली तीन घरं आठवा. त्यांच्याकडे जा. वर्गणी मागायला जाऊ नका.

शेवटी, तुम्ही स्वतः वहीच्या खालच्या बाजूला असाल तर. पीक गेलंय, बँकेची नोटीस आलीय, सावकार दारात येतोय, घरात कुणाला सांगायची लाज वाटतेय. मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी ही लाज एकट्याने वाहिली आणि फवारणीचं औषध जवळ केलं. तुम्ही तसं करू नका. देणं कितीही असो, तुमच्या जिवापेक्षा मोठं नाही. आज रात्रीच कुणाला तरी सांगा: बायकोला, मेव्हण्याला, शाळेतल्या गुरुजींना, पाळकसाहेबांना, मशिदीतल्या मौलानांना, वारीतल्या माळकऱ्याला. कुणीच नसेल तर 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि ज्याचं दार असा माणूस अवेळी ठोठावेल, त्याने आधी त्याला आत घ्यावं. चहा टाकावा, जेवलाय का विचारावं, अंथरूण द्यावं, उशाला बसावं. किती कर्ज आहे ते सकाळी विचारावं.